बेळगाव शहर मतदारसंघ गेला कुठं? मतदारसंघांच्या रेषा कोण आखतं, कशा आखतं आणि आपल्याला त्याचं काय

हल्ली बातम्या लावल्या की परिसीमन, परिसीमन हेच चाललेलं असतं. दक्षिणेच्या जागा कमी होणार म्हणे, उत्तरेच्या वाढणार म्हणे, महिला आरक्षण त्याच्यावरच अडकलंय म्हणे. ऐकणाऱ्याला वाटतं हे सगळं दिल्ली, चेन्नई, बेंगळूरचं भांडण आहे, आपल्याला काय त्याचं. पण आपल्या भागात हे एकदा होऊन गेलंय आणि त्याचे परिणाम आपण २००८ पासून भोगतोय किंवा उपभोगतोय, ज्याचं त्यानं ठरवावं. बेळगाव शहर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता, उचगाव होता, बागेवाडी होता. आज ज्यांची पहिलीच व्होटर आयडी आलीय त्या पोरांना ही नावं मतदारसंघ म्हणून माहीतच नाहीत. उचगाव म्हटलं की त्यांना गाव आठवतं, आमदार नाही.

म्हणून हे सगळं पहिल्यापासून, सावकाश सांगतो.

## परिसीमन म्हणजे नेमकं काय

लोकसभेचा किंवा विधानसभेचा मतदारसंघ म्हणजे नकाशावरची एक हद्द. ह्या हद्दीतले लोक मिळून एक माणूस निवडतात. लोकसंख्या वाढते, लोक गावं सोडून शहरात येतात, मग एका हद्दीत लोक फार होतात आणि दुसरीत कमी पडतात, आणि एका माणसाच्या मताची किंमत दुसऱ्यापेक्षा कमी होऊन बसते. ते परत सारखं करायला हद्दी नव्यानं आखायच्या, ह्याला परिसीमन म्हणतात. पेपरात कधी मतदारसंघ पुनर्रचना असंही येतं, एकच गोष्ट.

घटनेत लिहिलंय की दर जनगणनेनंतर हे व्हायला पाहिजे. त्याप्रमाणं १९५२, १९६३, १९७३ ला आयोग नेमले गेले. पण १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती आली आणि जागांची संख्या गोठवली गेली, कारण ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन नीट राबवलं त्यांना जागा कमी होण्याची शिक्षा नको, असा विचार त्यामागं होता. पुढं ८४ व्या घटनादुरुस्तीनं ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली.

इथं बऱ्याच जणांचा गोंधळ होतो, तेवढा समजून घ्या. गोठवली ती कुठल्या राज्याला किती जागा ही संख्या, जी अजून १९७१ च्या जनगणनेवर चाललीय. राज्याच्या आतल्या हद्दी मात्र २००२ च्या कायद्यानं नेमलेल्या आयोगानं परत आखल्या, २००१ ची जनगणना धरून. न्यायमूर्ती कुलदीप सिंग त्याचे अध्यक्ष होते. म्हणजे कर्नाटकाचे आमदार आधीही २२४ आणि नंतरही २२४, खासदार आधीही २८ आणि नंतरही २८, पण आतल्या हद्दी मात्र बदलल्या. आणि त्या नव्या हद्दींवर देशात सगळ्यात पहिली विधानसभा निवडणूक झाली ती कर्नाटकातच, मे २००८ ला. आपण पहिले होतो, तयारीला कुणालाच वेळ मिळाला नाही.

## बेळगावचं गणित

हे गणित कुणीही मोबाईलवर करून बघू शकतं, आणि एकदा केलं की अर्ध्या शंका तिथंच मिटतात.

२००१ ला कर्नाटकाची लोकसंख्या ५ कोटी २८ लाखाच्या वर होती. तिला २२४ नं भागा, एका आमदारामागं साधारण २ लाख ३६ हजार लोक येतात. आता बेळगाव जिल्हा घ्या, ४२ लाख १४ हजार. भागलं की १७.८६ येतं, म्हणजे १८. म्हणून जिल्ह्याला १८ आमदार, कुणाच्या मेहेरबानीनं नाही आणि कुणाच्या कटानंही नाही.

आता शहर. २००१ ला बेळगाव महापालिका हद्दीत ४ लाखाच्या आसपास लोक होते, लागून असलेला शहरी भाग धरला तर ५ लाखाच्या थोडं वर. २ लाख ३६ हजारानं भागलं की दोनच्या आसपास येतं. म्हणजे शहराला एक मतदारसंघ पुरेना, दोन करायलाच लागणार होते. तसे ते झाले, बेळगाव उत्तर आणि बेळगाव दक्षिण. टिळकवाडी, शहापूर, वडगाव, अनगोळ हा पट्टा दक्षिणेत गेला, सदाशिवनगर, नेहरूनगर वगैरे उत्तरेत.

पण शहराला एक जागा जास्त दिली की ती कुठून तरी यायला पाहिजे. आधी बेळगाव तालुक्याच्या नावावर तीन मतदारसंघ होते, बेळगाव, उचगाव, बागेवाडी, म्हणजे एक शहराचा आणि दोन ग्रामीण. नंतरही तीनच राहिले, पण आता दोन शहराचे आणि एकच ग्रामीण. उचगाव आणि बागेवाडी ही दोन्ही नावं पुसली गेली आणि त्यांचा मोठा भाग मिळून बेळगाव ग्रामीण झाला. तालुक्यातली काही गावं यमकनमर्डीला जोडली गेली, आणि तो मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव झाला.

माझ्या मते बेळगावच्या २००८ नंतरच्या सगळ्या राजकारणाचं मूळ ह्या एका बदलात आहे. उचगाव म्हणजे पश्चिमेकडचा, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला, बहुतेक मराठी गावांचा पट्टा. बागेवाडी म्हणजे पूर्वेकडचा, कन्नड जास्त असलेला. दोन्ही वेगवेगळे असताना दोघांचा कल वेगवेगळा दिसायचा. एकत्र केल्यावर तिसरंच काहीतरी तयार झालं.

## लोक तेवढेच, मतं तीच, मग निकाल कसा बदलतो

शेताची वाटणी ज्यांनी बघितलीय त्यांना हे लगेच कळेल. भावाभावांत सारखे एकर वाटले तरी भांडण मिटत नाही, कारण बांध कुठनं गेला ह्यावर विहीर कुणाकडं राहिली हे ठरतं. मतदारसंघांचंही तसंच, लोकसंख्या सारखी वाटली म्हणजे सगळं झालं असं नाही.

आकड्यांत बघू, हे आकडे फक्त समजण्यापुरते. समजा एका भागात ३०० मतदार आहेत, त्यातले १२० एका विचाराचे आणि १८० दुसऱ्या. तीन आमदार निवडायचेत, म्हणजे प्रत्येक मतदारसंघात १००. रेषा अशा पडल्या की ह्या १२० मधले ६० एकात आणि ६० दुसऱ्यात आले, तर तीनपैकी दोन आमदार त्यांचे. १२० मधले ९० एकाच मतदारसंघात पडले आणि बाकीचे १५-१५ उरलेल्या दोघांत, तर एकच आमदार. आणि तिन्हीकडं ४०-४० अशी विभागणी झाली तर एकही नाही. माणूस एकही बदलला नाही, मतही कुणी बदललं नाही, आमदार मात्र दोनावरून शून्यावर.

कुणी हे जाणूनबुजून करतं, कुणाच्या हातून नकळत होतं, पण होतं एवढं खरं.

## बेळगाव शहर, जुना मतदारसंघ

१९५६ ला राज्य पुनर्रचना झाली, चंदगड वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याआधी आपण मुंबई राज्यात होतो. १९५२ च्या पहिल्या लोकसभेला इथं बेळगाव उत्तर आणि बेळगाव दक्षिण अशी नावं लोकसभा मतदारसंघांची होती, आणि उत्तरेतून काँग्रेसचे बळवंतराव दातार निवडून गेले. आजचे उत्तर दक्षिण विधानसभेचे आहेत, त्यांचा ह्यांचा काही संबंध नाही. जुन्या याद्या बघताना लोक इथं फसतात म्हणून सांगितलं.

पुनर्रचनेनंतर शहर मतदारसंघ हा, सीमाभाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा गड झाला. बा. रं. सुंठणकर, बळवंतराव सायनाक, राजाभाऊ माने, बापूसाहेब महागावकर, नारायणराव तरळे ही सगळी माणसं ह्याच शहरानं बेंगळूरला पाठवली, आणि शेजारच्या उचगावातनं बी. आय. पाटील कितीतरी वेळा. तिथं विधानसभेत बसून हे लोक एकच गोष्ट परत परत मांडायचे की आम्हाला ज्या राज्यात घातलंय तिथं आम्हाला राहायचं नाही. निवडणूक हीच त्यांची याचिका होती. मला ही गोष्ट अजूनही फार मोठी वाटते, कुणी सहमत असो नसो, की लोकांनी एवढी वर्षं रस्ते, गटारं, नोकऱ्या सगळं बाजूला ठेवून फक्त आपलं म्हणणं नोंदवायला मतं दिली.

अजून एक. निवडणूक आयोगाच्या जुन्या निकालांत ह्यातल्या बऱ्याच जणांपुढं अपक्ष असं दिसतं. समिती हा आयोगाच्या लेखी मान्यताप्राप्त पक्ष नाही, त्यामुळं राखीव चिन्ह नाही, दर वेळी मिळेल ते चिन्ह घ्यायचं आणि दोन आठवड्यांत घरोघर पोचवायचं. २०१३ ला निवडून आलेले समितीचे दोन आमदारसुद्धा सरकारी कागदावर अपक्षच आहेत. त्यामुळं बाहेरचा अभ्यासक आकडे काढून बसला की त्याला इथं नुसते अपक्षच अपक्ष दिसतात आणि मागची चळवळ दिसतच नाही.

मग २००८ आलं. उत्तरेतून काँग्रेसचे फिरोज सेठ, दक्षिणेतून भाजपचे अभय पाटील, ग्रामीणमधून भाजपचे संजय पाटील, खानापुरातून भाजपचे प्रल्हाद रेमाणी. समितीचा आमदार एकही नाही. अभय पाटील २००४ ला बागेवाडीतून निवडून आले होते, त्यांचा मतदारसंघ नकाशावरून गेला तसे ते दक्षिणेत आले आणि तिथनंही जिंकले. नव्या रेषांचा अंदाज राष्ट्रीय पक्षांना समितीच्या आधी आला असं मला वाटतं.

## म्हणजे परिसीमनानंच समिती हरली का?

असं म्हणणारे आपल्याकडं पुष्कळ आहेत आणि मला त्यांचं दुःख समजतं, पण हे पूर्ण खरं नाही.

पहिलं म्हणजे शहराची जागा परिसीमनाच्या आधीच गेलेली होती. १९९९ ला बेळगाव शहरातून काँग्रेसचे रमेश कुडची निवडून आले आणि २००४ ला परत तेच. तेव्हा हद्द जुनीच होती.

दुसरं, खानापूर. हे नाव २००८ च्या आधीही मतदारसंघ म्हणून होतं आणि नंतरही राहिलं, तरी २००८ ला समिती तिथंही हरली. आणि नव्याच हद्दींवर २०१३ ला खानापुरातून अरविंद पाटील आणि बेळगाव दक्षिणेतून संभाजी पाटील निवडून आले. म्हणजे नव्या रेषांवरही जिंकता येतं, अवघड झालंय पण बंद झालेलं नाही.

तिसरं सगळ्यात जास्त लागणारं. २०१८ ला खानापुरात समितीचेच दोन उमेदवार समोरासमोर उभे होते, अरविंद पाटील आणि विलास बेळगावकर. दोघांची मतं एकत्र केली तर निवडून आलेल्या काँग्रेसच्या अंजली निंबाळकरांपेक्षा जास्त भरतात. तिथं रेषा कुणी आखली? आपणच, आपल्या घराच्या मधोमध.

आणि चौथं, राष्ट्रीय पक्षांनी मराठी उमेदवार द्यायला सुरुवात केली. उत्तरेत २०१८ ला भाजपचे अनिल बेनके, खानापुरात आधी निंबाळकर, मग २०२३ ला भाजपचे विठ्ठल हलगेकर. मराठी बोलणारा माणूसच समोर कमळावर किंवा हातावर उभा असला की मतदार म्हणतो, हा पण आपलाच की, आणि काम तरी होईल. ह्याला कुठला परिसीमन आयोग जबाबदार नाही.

तरीपण रेषांचं काहीच नाही असंही म्हणता येत नाही. मतं थोडी फुटली, थोडी पांगली, तरी जागा टिकवून धरायला मोठी आघाडी लागते, आणि ती आघाडी उचगावसारख्या सलग पट्ट्यात मिळण्याचा संभव जास्त होता. नव्या रचनेत चुकायला जागा उरली नाही, आणि आपण चुकलो.

## खानापूरचा खासदार कारवारचा कसा?

हा प्रश्न दर लोकसभेला निघतो. खानापुरातला माणूस बाजाराला बेळगावला येतो, दवाखान्याला बेळगावला येतो, जिल्हाधिकारी बेळगावला, आणि मत मात्र उत्तर कन्नडच्या खासदाराला, ज्याचं जग घाटाखाली कारवार, कुमटा, भटकळपर्यंत पसरलेलं. तिकडं निपाणीचा मराठी माणूस चिक्कोडीला मत देतो. म्हणजे सीमाभागातली मराठी मतं तीन लोकसभा मतदारसंघांत वाटली गेलीत.

ह्यातही अर्धी गोष्ट साध्या भागाकाराची आहे. कर्नाटकात २२४ आमदार आणि २८ खासदार, म्हणजे एका खासदारामागं ८ विधानसभा मतदारसंघ, आणि कायद्याप्रमाणं एक विधानसभा मतदारसंघ पूर्णच्या पूर्ण एकाच लोकसभेत पाहिजे, तो तोडता येत नाही. आपल्या जिल्ह्यात १८. दोन खासदारांचे १६ झाले, बेळगाव आणि चिक्कोडी, आणि दोन उरले. ते दोन कुठं तरी बाहेर जाणारच, ते कित्तूर आणि खानापूर झाले आणि उत्तर कन्नडला जोडले गेले.

दोन उरणार हे गणितानं ठरवलं. कुठले दोन हे मात्र माणसांनी ठरवलं, आणि हरकत घ्यायची असते ती तिथं.

राखीव जागांचंही तसंच. चिक्कोडी लोकसभा २००८ पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होती, बी. शंकरानंद तिथनं सलग निवडून यायचे, केंद्रात मंत्री होते. परिसीमनात आरक्षण हललं, जागा खुली झाली आणि तिथलं सगळं राजकारण दुसऱ्या घराण्यांकडं गेलं.

## ४५६ उमेदवार

लोकसभेत समितीला बेळगाव कधी जिंकता येईना, कारण ८ विधानसभांच्या त्या पसाऱ्यात मराठी मतं कमी पडतात. मग १९९६ ला वेगळाच मार्ग काढला गेला. सीमाप्रश्नाकडं देशाचं लक्ष जावं म्हणून अर्ज भरायचे, भरायचे आणि भरतच राहायचे. बेळगावात ४५६ उमेदवार उभे राहिले. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंडाला ४८० होते, तिथं पाण्याचा प्रश्न होता. बेळगावातून निवडून आले जनता दलाचे शिवानंद कौजलगी, पण गाजला तो उमेदवारांचा आकडा.

परिणाम पूर्ण देशावर झाला. त्याच वर्षी कायदा बदलला, लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० केली गेली, आणि अपक्षांना अर्जावर दहा सूचकांच्या सह्या लागायला लागल्या. आज लोकसभेची अनामत २५,००० आहे. देशात कुठलाही अपक्ष आज अर्ज भरायला जातो तेव्हा जे दहा सूचक गोळा करतो त्या नियमामागं बेळगावच्या गल्लीतल्या, आसपासच्या गावातल्या साध्या माणसांचे ते अर्ज पण आहेत.

२०१९ ला परत तसाच प्रयत्न झाला, ह्या वेळी ५७ उमेदवार. मशीनच्या एका पॅडवर १६ नावं बसतात, ५७ नावं आणि शेवटी नोटा मिळून ५८, म्हणजे चार पॅड. मतदान केंद्रात टेबलावर चार पॅड एकाशेजारी एक मांडलेले आणि वयस्कर माणसं चष्मा सावरत आपलं चिन्ह कुठल्या पॅडवर आहे ते शोधतायत, असं ते मतदान होतं. निवडून आले भाजपचे सुरेश अंगडी, सलग चौथ्यांदा.

सप्टेंबर २०२० मध्ये अंगडींचं कोरोनानं निधन झालं, ते तेव्हा रेल्वे राज्यमंत्री होते. एप्रिल २०२१ च्या पोटनिवडणुकीत समितीनं एकच उमेदवार दिला, शुभम शेळके, आणि त्यांना १ लाख १७ हजाराच्या आसपास मतं पडली. मंगला अंगडी जिंकल्या त्या सतीश जारकीहोळींपेक्षा पाच हजाराच्या आसपास जास्त मतं घेऊन. लोकसभेच्या पूर्ण पसाऱ्यात एवढी मराठी मतं एकाच नावापुढं दिसली, आणि त्याच वर्षी, २०२१ च्या सप्टेंबरात महापालिकेत ५८ पैकी ३५ वॉर्ड भाजपनं घेतले. वॉर्डांच्या रेषा परिसीमन आयोग आखत नाही, ते राज्य सरकारचं काम, आणि त्याच्या तक्रारी वेगळ्या आहेत, तो विषय इथं काढत नाही.

## मुद्दाम केलं असेल तर कोर्टात का गेलं नाही कुणी?

कारण दार जवळजवळ बंद आहे. घटनेच्या ३२९ व्या कलमात आणि परिसीमन कायद्यात लिहिलंय की आयोगाचा आदेश एकदा राजपत्रात आला की त्याला कायद्याची ताकद आणि तो कोर्टात आव्हान देऊन पाडता येत नाही. हेतू असा की नाहीतर प्रत्येक गावाची केस चालेल आणि निवडणूकच होणार नाही. २०२४ ला सुप्रीम कोर्टानं एवढं म्हटलंय की आदेश उघडउघड मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी जुळत नसेल तर कोर्ट तो तपासू शकतं. पण ही फट फार बारीक आहे, तिच्यावर भरवसा ठेवून बसण्यात अर्थ नाही.

आणि आयोग आखताना बघतो काय? २००२ च्या कायद्यात स्पष्ट आहे, भाग भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा, नद्या डोंगर अशा नैसर्गिक गोष्टी, तालुका वगैरे सरकारी हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय. भाषा त्यात कुठंही नाही. म्हणून आम्ही मराठी भाषिक आहोत, आमचे तुकडे करू नका, असं निवेदन कितीही कळकळीनं लिहिलं तरी कायद्याच्या चौकटीत त्याला खुंटीच सापडत नाही. हे कटू आहे पण माहीत पाहिजे.

## पुढच्या वेळी काय होऊ शकतं

जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ ठरलाय, म्हणजे २०२६ नंतरची पहिली जनगणना तीच. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीनं लोकसभा आणि विधानसभेत महिलांना एक तृतीयांश जागा दिल्यात, त्याही नव्या जनगणनेनंतरच्या परिसीमनाला जोडून. कर्नाटकाचे आमदार २२४ च राहिले तरी त्यातल्या ७५ च्या आसपास जागा महिलांच्या होतील.

दक्षिणेकडची भीती तुम्ही रोज ऐकताय, ती खोटी नाही, लोकसंख्येवर जागा वाटल्या की जिथं वाढ जास्त तिथं खासदार जास्त. पण तसलंच दुसरं भांडण कर्नाटकाच्या आत लागणार आहे आणि त्याच्याबद्दल आपल्याकडं कुणीच बोलत नाही. बेंगळूर शहर जिल्हा २००१ ला ६५ लाख होता, त्याला २८ आमदार. २०११ ला तो ९६ लाखावर गेला. २०११ चेच आकडे धरले तर राज्याची लोकसंख्या ६ कोटी ११ लाख, भागिले २२४, एका आमदारामागं २ लाख ७३ हजार. त्यानं बेंगळूरला ३५ च्या वर जागा येतात. ह्या सात जास्तीच्या जागा बाकीच्या जिल्ह्यांतूनच जाणार, जर एकूण २२४ च राहिले तर.

आणि बेळगाव? २०११ ला ४७ लाख ८० हजार. भागलं की १७.५२ येतं. म्हणजे १७ आणि १८ च्या बरोबर उंबरठ्यावर. नव्या जनगणनेत बेंगळूर आपल्यापेक्षा जोरात वाढलेलं निघालं, आणि निघेलच असं वाटतं, तर आपल्या जिल्ह्याची एक जागा जाऊ शकते. एक गेली की शेजारच्या चार पाच मतदारसंघांच्या हद्दी हलतात. १७ झाले तर लोकसभेचं ८-८ चं गणितही परत मांडावं लागेल. एकूण जागा वाढवल्या तर हे सगळं बदलेल, पण तेव्हाही रेषा नव्यानंच पडणार.

## आपल्याला बोलायला जागा आहे का?

आहे, पण थोडीच आणि वेळेवर वापरली तरच. मागच्या वेळी आयोगाबरोबर प्रत्येक राज्यातून दहा सहयोगी सदस्य होते, पाच खासदार, पाच आमदार, त्यांना मत देता येत नव्हतं पण बोलता येत होतं. मग आयोग कच्चा आराखडा राजपत्रात छापतो, हरकती मागवतो, तारीख देतो आणि जाहीर सुनावणी घेतो. ह्या तारखेनंतर आलेलं निवेदन म्हणजे रद्दी. २००८ नंतर कट्ट्यावर बसून जेवढी चर्चा आपण केली त्याच्या चार आणे जरी त्या सुनावणीच्या आधी केली असती तर काही गावं इकडची तिकडं झाली असती असं मला मनापासून वाटतं.

हरकत लिहिताना कायद्यात जे शब्द आहेत त्यांनाच धरून लिहायचं. आमचं गाव अमुक महसूल मंडळात आहे, तहसीलदार ऑफिस इथं, बस इकडनं जाते, बाजार हा, प्रस्तावित मतदारसंघात जायला एवढे किलोमीटर आणि मध्ये नदी किंवा घाट. ग्रामपंचायतीचा ठराव जोडायचा. खानापूरवाल्यांच्या हातात तर अंतर आणि दळणवळण हा मुद्दा आयताच आहे, भाषेचं नाव न काढताही तो पूर्ण उभा राहतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे बहुतेक अर्जात नसतं, ते म्हणजे बेरीज. प्रत्येक मतदारसंघाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आतबाहेर ठेवायची असते. आमची दहा गावं ह्या मतदारसंघात घाला एवढंच लिहिलं तर आयोग विचारणार, मग इथनं काढू कुणाला. त्याचं उत्तर आपल्याच अर्जात पाहिजे, गावाच्या नावानिशी, जनगणनेतल्या आकड्यानिशी, दोन्ही बाजूंची बेरीज करून. प्रत्येक गावाची लोकसंख्या जनगणनेच्या कागदात मिळते. कॉलेजातली चार पोरं एक लॅपटॉप घेऊन बसली तर आठवड्याचं काम आहे, आणि ते आराखडा छापून यायच्या आधी झालेलं असलं पाहिजे, कारण तो आला की हातात मोजके दिवस असतात.